मदत हवी आहे: पद्मिनीच्या स्टिअरिंगच्या आयडलर आर्मला नवा बुश की पूर्ण असेंब्ली?

मंडळी, प्रीमियर पद्मिनीच्या स्टिअरिंगला जवळजवळ दोन इंच प्ले आहे, म्हणजे तेवढं फिरवलं तरी चाकं वळत नाहीत. चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला लावलं आणि खाली प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवून पाहिलं. उजवा टाय रॉड एंड (चाकाकडच्या दांड्याच्या टोकाचा सांधा) खडखडतो, रबर बूट फाटून ग्रीस वाळलंय. आयडलर आर्म (लिंकेजला दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) हाताने वर-खाली साधारण 3 मिमी हलतो. मुख्य दोष मला तिथेच वाटतो. मेकॅनिक म्हणतात, स्टिअरिंग बॉक्सचा (गिअरच्या डब्याचा) स्क्रू आवळू. पण लिंकेज (बॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे आणि सांधे) सैल असताना बॉक्स आवळला तर वळणावर स्टिअरिंग जड होईल, आतले भाग झिजतील आणि प्ले राहीलच.

टाय रॉड एंड दोन्ही बाजूंचे बदलणार. काढताना आटे मोजून ठेवीन, कॅसल नटला नवी स्प्लिट पिन, शेवटी टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) जुळवून घेईन.

अडलंय आयडलरपाशी. इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, करून घ्यावा का? पिनही झिजली असेल तर नुसता बुश किती टिकेल? बुशला क्लिअरन्स किती ठेवायचा? कोल्हापुरात पूर्ण असेंब्ली कुठे मिळते, कृपया सांगा. तोवर गाडी घाटात नेणार नाही.