पार्टिशन न पाडलेल्या एन्क्रिप्टेड डिस्कवरून आर्च लिनक्स सुरू करणे : कर्नल अपडेटबाबत मदत हवी आहे

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचे करसल्लागाराचे कार्यालय आहे. हळद आणि बेदाण्याच्या अडत्यांची विवरणपत्रे व बँकेचे तपशील आर्च लिनक्स ही कार्यप्रणाली असलेल्या एकाच संगणकावर असल्यामुळे, तो चोरीला गेला तरी अशिलांची माहिती कोणाच्या हाती लागू नये, म्हणून संपूर्ण डिस्क एकही पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) न पाडता लक्स-२ या लिनक्सवरील पद्धतीने एन्क्रिप्ट केली आहे, म्हणजे पासवर्डशिवाय ती वाचता येत नाही.

लक्सचे हेडर (डिस्क उघडण्यासाठी लागणारी माहिती) डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासूनच सुरू होते, त्यामुळे पार्टिशन टेबलला (भागांच्या यादीला) तेथे जागा उरत नाही. संगणक सुरू करणाऱ्या यूईएफआय या फर्मवेअरला तर सुरुवातीसाठी फॅट पद्धतीचे पार्टिशन लागते. म्हणून बूटलोडर (कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम), कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि इनिट्रॅमएफएस (सुरुवातीला डिस्क उघडून देणारा छोटा फाइलसंच) पेनड्राइव्हवर ठेवले असून तो 'बूट' डिरेक्टरीवर माउंट होतो, म्हणजे त्यातील फाइली तेथे दिसतात. पासवर्ड देऊन संगणक चालू झाला की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवला जातो. ही रचना मला मोडायची नाही.

अडचण अपडेटच्या वेळी येते. पेनड्राइव्ह जोडलेला नसताना पॅकमन (आर्चमध्ये पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) चालवला, तर नवा कर्नल एन्क्रिप्टेड डिस्कवरच्या रिकाम्या 'बूट' डिरेक्टरीत जाऊन पडतो, पेनड्राइव्हवर जुनाच राहतो, आणि जुन्याची मॉड्यूल्स (गरजेनुसार कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग) मात्र डिस्कवरून निघून गेलेली असतात. पुढच्या वेळी पासवर्ड घेऊन डिस्क उघडते, पण नेटवर्क मिळत नाही आणि 'व्हीफॅट ही फाइलसिस्टिम अनोळखी आहे' (व्हीफॅट म्हणजे पेनड्राइव्हवरची फॅट पद्धतच) असा संदेश येऊन पेनड्राइव्हही माउंट होत नाही. मग इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, डिस्क उघडायची, आर्च-क्रूट करायचे (त्या डिस्कवरच्या प्रणालीत शिरायचे) आणि कर्नल पुन्हा बसवायचा. विवरणपत्रांची मुदत तोंडावर असताना हे परवडत नाही.

रिकामी डिरेक्टरी 'चॅट्र' या आज्ञेने कुलूपबंद करावी, म्हणजे तिच्यात काही लिहिताच येणार नाही, असा एक उपाय सुचवला जातो. तो मला पुरेसा वाटत नाही, कारण कर्नलची प्रत 'बूट'मध्ये टाकणारा हुक (पॅकमन आपोआप चालवतो ते काम) पॅकेजेस बसवून झाल्यावर चालतो आणि तोवर मॉड्यूल्स बदललेली असतात. त्यापेक्षा पॅकेजेस बसवण्याआधी चालणाऱ्या 'प्री-ट्रान्झॅक्शन' हुकमध्ये 'माउंटपॉइंट' आज्ञेने 'बूट'वर पेनड्राइव्ह माउंट आहे का ते तपासून, 'अबॉर्ट-ऑन-फेल' (तपासणी फसल्यास थांबा) लावून अपडेट आधीच थांबवणे योग्य वाटते.

या हुकमध्ये कर्नलखेरीज आणखी कोणती पॅकेजेस लक्ष्य म्हणून द्यावीत? एमकेइनिटसीपीआयओ (इनिट्रॅमएफएस तयार करणारे) आणि क्रिप्टसेटअप (लक्स डिस्क उघडणारे) यांच्या अपडेटनंतरही इनिट्रॅमएफएस नव्याने तयार होतो, म्हणून ती धरली आहेत.

दुसरे असे की, २०१९ च्या महापुरानंतर आम्ही महत्त्वाची कोणतीही वस्तू एकाच ठिकाणी ठेवत नाही, त्यामुळे पेनड्राइव्हची दुसरी प्रत आणि लक्स हेडरचा बॅकअप घरी असतो. एफएसटॅबमध्ये (काय कोठे माउंट करायचे त्या यादीच्या फाइलमध्ये) यूयूआयडीऐवजी (प्रत्येक फाइलसिस्टिमच्या ओळख क्रमांकाऐवजी) दोन्ही पेनड्राइव्हना एकच लेबल देऊन माउंट केल्यास पुढे काही गोंधळ होईल का? अशी रचना प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया आपल्या हुकची फाइल येथे द्यावी.