‘झुंड’ला राष्ट्रीय पदक नाही: योग्य की अन्याय?

गड्डीगोदामचा गोलकीपर

परवा भाचरं जमली होती, त्यांना नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ दाखवला. माझी तिसरी वेळ. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

२०२२ च्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार १६ ऑगस्ट २०२४ ला जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट मल्याळम ‘आट्टम’, अभिनेता ‘कांतारा’साठी ऋषभ शेट्टी, मराठीत ‘वाळवी’. ‘झुंड’ कुठेच नाही. माझ्या मते त्या वर्षी अभिनयातलं सगळ्यात अवघड काम नागपूरच्या पोरांनी केलं होतं आणि ज्युरीला ते दिसलं नाही.

विजय बारसे सर हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. २००१ पासून त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, हे नागपूरकरांना सांगायला नको. ‘झुंड’ त्यांच्यावरच बेतलाय. मी शाळेत असताना आमच्या मैदानाच्या कुंपणापलीकडे अशीच पोरं बसलेली असायची. आम्ही त्यांना कधी खेळायला घेतलं नाही. बॉल पलीकडे गेला की त्यांनी तो परत फेकायचा, एवढाच संबंध. सिनेमा पाहताना मला ते कुंपण आठवलं, आणि आपण कोणत्या बाजूला उभे होतो तेही.

अमिताभ बच्चन समोर उभे असताना ज्या पोरांनी आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता, ती पोरं फ्रेम सोडत नाहीत. अंकुश गेडामला पुढच्या वर्षी पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं, ते सोडलं तर काय मिळालं? सांगा, मी चुकतोय का?

तिसरी घंटा

चुकताय, असं मला स्पष्ट वाटतं. भाऊ, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. कुंपणाचं जे लिहिलंय ते खरं आहे. पण आपलं शहर पडद्यावर दिसलं की आपल्या डोळ्यांत पाणी येतं आणि तेच पाणी घेऊन आपण पदक मागायला जातो. कोची, कोल्हापूर, गुवाहाटी सगळ्यांनी असंच मागितलं तर ज्युरीने करायचं काय?

‘झुंड’ तीन तासांच्या घरात जातो. पहिला दीड तास मी खुर्चीच्या टोकावर होतो. ते कचऱ्यातून वाट काढत खेळणं, मॅचमधला गोंधळ, पोरांची बोली, सगळं अस्सल. नंतर कोर्टात बारसे सरांचं पात्र जे बोलतं, ते आधीच्या दीड तासाने न बोलता सांगून झालेलं असतं. दिग्दर्शकाचा आपल्याच दृश्यांवर विश्वास कमी पडला, असं मला वाटलं. मंजुळेंच्याच ‘फँड्री’च्या शेवटी भिरकावलेल्या दगडात जे होतं ते इथे सांगून टाकलं गेलं.

आता ‘आट्टम’ बघा. एक नाटक कंपनी, बारा पुरुष, एक बाई. तिच्यासोबत रात्री काहीतरी घडतं आणि बारा जण बैठकीला बसतात. बस, एवढंच. मी गेली वीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर हौशी नाटकं करतो. तालमीच्या खोलीत एकेक माणूस कसा हळूहळू बाजू बदलतो, हे मी पाहिलंय. ते कुणी इतकं अचूक लिहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्याला चित्रपट, पटकथा आणि संकलन अशी तीन पदकं मिळाली, तिन्ही रास्त.

गड्डीगोदामचा गोलकीपर

कोर्टाच्या भाषणाचं मान्य, ते लांबलं. पण रिंकू राजगुरूचं पात्र आणि तिचा बाप ओळखीच्या पुराव्यासाठी दारोदार फिरतात, तो भाग? कुणी भाषण करत नाही. बाप नुसता उभा राहतो. मी कितीतरी कचेऱ्यांत असे बाप उभे पाहिलेत. हे ज्याला जमतं त्याला सिनेमा जमत नाही असं कसं म्हणता?

कापूसकोंड्या

राजेहो, तुम्ही दोघंही चांगलं बोलून राहिले, पण हिशेब नागपूरच्या रिंगरोडपाशीच काऊन थांबवता? मी यवतमाळकडचा. नोकरीपायी नागपुरात आलो.

मराठीले आजवर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ पाच खेपा भेटलं. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’. मोजा. तीन कोकणातले, एक मुंबईचा, अन् ‘देऊळ’चं ते मंगरूळ. इकडची काळी माती कुठं हाय?

२००९ मध्ये सतीश मनवरचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिला म्हणून किसनाची बायको घाबरते अन् आपल्या लहान पोराले बापाच्या मागं पाळतीवर लावते. बाप खूश राहावा म्हणून पुरणपोळी करते. घरात दाणा नाई अन् पुरणपोळी. माह्या मायनं हे केलं हाय, सिनेमा येण्याच्या कितीतरी आधी. बाबा जित्ते हायेत म्हणून आज हे लिहून राहिलो.

त्या सिनेमातली वऱ्हाडी हसवाले नाई वापरली. नाईतर आमची बोली म्हणजे नोकराच्या नाईतर विनोदी पात्राच्या तोंडी. पदक द्यायचंच असन तर माणसाले त्याच्या भाषेत रडू देणाऱ्या सिनेमाले द्या. ‘झुंड’ भेटला तरी चालन, पण यादी तिथून सुरू होत नाई.

तिसरी घंटा

कापूसकोंड्या भाऊ, तुमच्या आईबद्दल वाचून थोडा वेळ काहीच लिहवेना.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. ‘नाळ’मधल्या श्रीनिवास पोकळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो पोरगा सिनेमाभर इकडचीच बोली बोलतो. ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडेलाही मिळाला होता. म्हणजे ज्युरीला ही भाषा, ही माणसं कळतच नाहीत असं नाही.

धरमपेठ जुना

सगळी चर्चा ज्युरीभोवती फिरते आहे आणि प्रेक्षक कुठेच नाही, याचं वाईट वाटतं.

मी सीताबर्डीच्या टॉकीजमध्ये ब्लॅकची तिकिटं काढून सिनेमा पाहिलेला माणूस आहे. ‘सैराट’च्या वेळी आमच्या घरातली तीन पिढ्यांची माणसं एका रांगेत बसली होती. माझी आई सत्त्याहत्तरची. शेवटी थिएटरभर जी शांतता पसरली ती मी आयुष्यात दोनदाच अनुभवली आहे. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकूसाठी विशेष उल्लेख मिळाला, एवढंच. लाखो लोकांना जे एकाच जागी गप्प करू शकतं, त्याला सर्वोत्कृष्ट म्हणायला आपल्याला संकोच का वाटतो?

‘जवान’साठी शाहरुख खानला पुरस्कार मिळाला तेव्हा नाकं मुरडणारे खूप भेटले. मला आनंद झाला. तीस-बत्तीस वर्षं ज्या माणसाने लोकांना थिएटरात आणलं, त्याचं देशाने कधीतरी नाव घ्यायलाच हवं होतं.

इंदोऱ्याची वाचक

काका, आदराने असहमत. शाहरुखचं देशाने रोजच नाव घेतलंय. अभिनयाचा पुरस्कार म्हणजे आयुष्यभराची पावती नव्हे, त्या एका भूमिकेची असते. त्याच वर्षी ‘ट्वेल्थ फेल’साठी विक्रांत मॅसीलाही तो पुरस्कार विभागून मिळाला. दोन्ही भूमिका एकापाठोपाठ पाहा आणि मग सांगा.

मला ज्यांचं नाव कधी घेतलं गेलं नाही त्यांच्याबद्दल बोलायचंय. वीरा साथीदार. ‘कोर्ट’मधला लोकशाहीर नारायण कांबळे. आमच्या नागपूरचे, ‘विद्रोही’चे संपादक, चळवळीतले. आमच्या भागात ते सभेला यायचे तेव्हा मी पुढे सतरंजीवर बसायची. ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन सन्मान मिळाले, मग सुवर्णकमळ, मग भारताकडून ऑस्करला पाठवणी. साथीदार सरांच्या वाट्याला अभिनयाचं पदक आलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले.

तेव्हा मी एका सिनेमावाल्या ओळखीच्या माणसाकडून ऐकलं होतं, “ते काय अभिनय करत होते, ते तर तसेच होते.” हे वाक्य मला अजून टोचतं. नटाने सहा महिने राहून शाहीर शिकला तर ती तपश्चर्या, आणि शाहिराने कॅमेऱ्यासमोर तोच जीव ओतला तर ‘ते तर तसेच होते’?

दुसरं, गोलकीपर दादा, तुमच्या मूळ मुद्द्यातली एक फट दाखवते. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी निर्मात्याने प्रवेशिका भरावी लागते. ज्युरी काही देशातले सगळे सिनेमे आपणहून बघत बसत नाही. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे ज्युरीने ‘झुंड’ पाहून नाकारला, असा अर्थ निघत नाही.

गड्डीगोदामचा गोलकीपर

ताई, ही फट मला दिसलीच नव्हती. ‘ज्युरीला दिसलं नाही’ हे माझं वाक्य मी मागे घेतो.

पण मग माझी तक्रार जास्तच पक्की झाली, फक्त ती ज्युरीवर नाही, रकान्यांवर आहे. समजा, प्रवेशिका गेली. ज्युरीला पोरं आवडली. पदक कोणत्या नावाने देणार? बालकलाकार म्हणावं तर बरीच पोरं त्या वयाची नाहीत. प्रमुख अभिनेता म्हणावं तर सिनेमा एकाचा नाही. राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचं पदक दिग्दर्शकाला आहे, नटाला नाही. म्हणजे ‘झुंड’ने जे साधलं त्याला ठेवायला खणच नाही.

तिसरी घंटा

विशेष उल्लेखाची सोय आहे की.

गड्डीगोदामचा गोलकीपर

आहे, आणि त्याच २०२२ च्या यादीत तो ‘गुलमोहर’साठी मनोज बाजपेयींना गेला. थोर नट, प्रश्नच नाही. पण त्यांच्या घरी राष्ट्रीय पदकं आधीच होती.

धरमपेठ जुना

आणि हो, पुरस्कार मिळून तरी काय होतं? ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. सिनेमा लागला तेव्हा मी आणि बायको सकाळच्या खेळाला गेलो. आम्ही दोघं आणि एक कॉलेजचा मुलगा. काउंटरवरून सांगितलं, प्रेक्षक कमी, खेळ रद्द. तिघांचे पैसे परत. देशातला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि नागपुरात तीन माणसांसाठी पडदा उघडत नाही. तुम्ही पदकाच्या खणांवर वाद घालता, मी म्हणतो पदकासोबत प्रत्येक मोठ्या शहरात आठवडाभर एक संध्याकाळचा खेळ बांधून द्या. तीन लाख रुपये आणि कमळ देऊन सिनेमा कपाटात जाणार असेल तर तो पुरस्कार दिग्दर्शकाचा झाला, सिनेमाचा नाही.

इंदोऱ्याची वाचक

हे शंभर टक्के पटलं काका.

कापूसकोंड्या

यवतमाळलेही एक खेळ द्या म्हणा.

तिसरी घंटा

काकांचा मुद्दा बिनतोड आहे.

ताईंच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं, कारण टोचणारं ते वाक्य मीही कधीतरी बोललो असेन. माझी अडचण सांगतो. अभिनय म्हणजे माझ्या लेखी पुन्हा करता येणं. शंभराव्या प्रयोगाला पहिल्याइतकंच खरं असणं. जो फक्त स्वतःच्या आयुष्याइतकंच करू शकतो, त्याचं श्रेय मी दिग्दर्शकाला जास्त देतो. नारायण कांबळेच्या बाबतीत माझा निकष अपुरा पडतो, हे कबूल. शाहीर हजार रात्री तेच गाणं गातो आणि प्रत्येक रात्री ते पेटवतो. म्हणजे पुन्हा करता येणं त्यांच्याकडे होतंच. पण ‘झुंड’च्या पोरांबद्दल मी अजून साशंक आहे.

गोलकीपर भाऊ, तुम्ही ‘आट्टम’ पाहिलाय का? भांडणाआधी तो पाहा, एवढी विनंती.

गड्डीगोदामचा गोलकीपर

काल रात्री पाहिला. बायकोला म्हटलं अर्धा तास बघतो. उठलो नाही.

परदेश दौऱ्याचा विषय निघतो आणि मघापर्यंत तावातावाने बोलणारी माणसं एकेक करून मऊ होतात, तिथे मला आमच्या सोसायटीच्या बैठका दिसल्या. आणि ती मुलगी सगळं ऐकत बसलेली. तिसरी घंटा सर, सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच. माझं ‘झुंड’वरचं प्रेम तसंच आहे, पण ते एक कमळ मी आता मागत नाही.

मात्र पाहून झाल्यावर शोधलं तर कळलं, त्या बारांपैकी बरेच जण एकाच नाट्यसंस्थेत वर्षानुवर्षं सोबत काम केलेले, सिनेमाला नवीन. आता तुमचीच यादी पुन्हा वाचा. पटकथेला पदक, संकलनाला पदक, चित्रपटाला पदक. ज्या तेरा जणांनी एका खोलीत बसून तो सिनेमा तोलून धरला, त्यांच्यातल्या एकालाही नाही. कसं देणार? एकाला काढून दाखवलं की बाकी बारा कोसळतात.

अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेत अख्ख्या नटसंचाला एक पुरस्कार देतात. २०२० मध्ये कोरियाच्या ‘पॅरासाइट’ला तो मिळाला. त्याच सिनेमाला ऑस्करमध्ये चार पुरस्कार मिळाले, पण अभिनयासाठी एका नटाचं साधं नामांकन नव्हतं. ऑस्करनेही आता २०२५ च्या चित्रपटांपासून पात्रनिवडीसाठी वेगळा पुरस्कार ठेवलाय. तुमच्या राज्य नाट्य स्पर्धेत पहिला क्रमांक संस्थेला मिळतो ना? मग राष्ट्रीय पुरस्कारांत समूह अभिनयाचं एक रजतकमळ का नसावं? २०२२ चं ते ‘आट्टम’ला द्या, मी टाळ्या वाजवीन. पण ‘झुंड’ शेवटच्या दोघांत असायलाच हवा.

तिसरी घंटा

समूहाचा पुरस्कार मान्य. आमच्याकडे बक्षीस समारंभाला अख्खा संघ, अगदी पडदा ओढणारा मुलगासुद्धा, रंगमंचावर चढतो. दिल्लीत ते चित्र मला पाहायला आवडेल.

शेवटच्या दोघांचं मात्र मान्य नाही. रविवारी माझ्याकडे या, ‘झुंड’ पुन्हा एकदा सोबत पाहू. कोर्टाच्या भाषणापाशी थांबवून बोलू. कापूसकोंड्या भाऊ, तुम्ही ‘गाभ्रीचा पाऊस’ घेऊन या.

कापूसकोंड्या

येतो. बाबालेही आणतो, ते आठ दिवस इथंच हायेत. त्यायनं तो सिनेमा अजून पायला नाई.