विषय: शनिवारच्या बैठकीला मी नाही (बाबांची तब्येत)

नमस्कार मंडळी,

शनिवारी मी येऊ शकणार नाही. अजून मुंबईतच आहे, पार्ल्याला. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाला थोडं थोडं कळलंय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

मंगळवारी सकाळी सातचं लंडनला परतायचं विमान होतं. टॅक्सी पावणेचारला सांगितलेली. आई म्हणत होती, बाबांना उठवू नकोस, रात्रीच नमस्कार करून ठेव. पण निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं काम आमच्याकडे बाबांचं, ते काही ऐकेनात. तीनलाच उठले, माझ्या बॅगेचं वजन काट्यावर करून झालं. मग वाटी डाव्या हातात, चमचा उजव्यात. तो चमचा माझ्या तळहातापर्यंत पोचलाच नाही, खाली पडला. आम्ही हसलो. बाबाही हसले, पण अर्ध्याच तोंडाने.

"काय होतंय?" विचारलं तर "का... का..." आणि पुढे शब्दच नाही. पित्त झालं असेल म्हणत आई साखरपाणी करायला धावली. तेवढ्यात बेल वाजली. टॅक्सीवाला बॅगा न्यायला वर आला होता. बॅगा राहिल्या, आम्ही दोघांनी बाबांनाच खुर्चीसकट दोन मजले उतरवलं. (लिफ्ट नाही. पुनर्विकासाच्या सभा अकरा वर्षं चालू आहेत, तो विषय वेगळा.)

मी कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमकडे बोट दाखवलं. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, तिकडे सीटी नाय. उगाच टाइम जाईल." हायवे रिकामा होता. सव्वाचारला मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो.

डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न: "शेवटचे नीट कधी पाहिलेत?" मला मिनिटासकट सांगता आलं, कारण तीन पस्तीसला बाबांनी खणखणीत आवाजात "साडेबावीस किलो" म्हटलं होतं. साखर तपासली, डोक्याचा सीटी स्कॅन काढला. पक्षाघाताचा झटका होता. मेंदूत रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पाचच्या आधी दिलं.

दुपारी बाबांचा पहिला स्पष्ट शब्द आला, "तिकीट?" पैसे परत मिळतात का, हे विचारायचं होतं.

एरवी ते साडेसहाला उठतात. तेव्हा कळलं असतं तर घड्याळ रात्री दहापासून, म्हणजे ते झोपले तेव्हापासून, मोजलं गेलं असतं. तेवढं गणित मी रोज रात्री करतो.

तुमचा सचिव

——

सचिवसाहेब,

वाचून हायसं वाटलं. पण डॉक्टर म्हणून दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. साखरपाणी दिलं नाहीत ना? गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. सीटीच्या आधी अ‍ॅस्पिरिनही नको. आणि झोपेत झालं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. काही रुग्णांना एमआरआय बघून इंजेक्शन देता येतं, काहींची मोठी गुठळी चोवीस तासांपर्यंत नळी घालून काढतात. मात्र ही सोय सगळीकडे नसते.

टॅक्सी दारात होती म्हणून ठीक. नाहीतर इकडे लंडनमध्ये ९९९ तसं तिकडे रुग्णवाहिकेसाठी १०८, हे आईवडिलांच्या फोनवर आजच घालून ठेवा.

——

काकू,

माझी आई गिरगावात एकटी असते. तिच्या हातावर दही ठेवायला कोण आहे? मागच्या वर्षी ती पडली, तेव्हा दूधवाल्याला कळलं, मला नंतर. सचिवांच्या घरी नशीब जागं होतं, आनंदच आहे, पण हे वाचून मला झोप लागेना.

——

काका, तुमचं खरं आहे. नशिबाच्या वाट्याला सगळं घातलं की आपलं काम उरत नाही. आता समोरच्या वहिनींकडे किल्ली दिली आहे. बाबांच्या गोळ्यांची यादी फ्रिजवर चिकटवली आहे. सीटी चोवीस तास कुठे चालू असतो, ते फोन करून विचारलं आणि त्याच कागदावर लिहिलं. गिरगावचं मी इथूनच विचारून देतो, आईंचा पत्ता मला वेगळा कळवा.

डॉक्टर काकू, साखरपाणी ओट्यावरच राहिलं, दिलं नाही.

बाबांना चमचा उजव्या हाताने धरायचा व्यायाम दिलाय. आई वाटीत दहीच देते. काल निम्मं तोंडात गेलं, निम्मं बनियनवर. हॉलच्या भाड्याचा चेक माझ्या टेबलाच्या खणात आहे, खजिनदारांनी बायकोकडून घेऊन जावा.