मदत हवी आहे: नवरा वेगळा राहतो, बहिणीच्या ग्रीन कार्डचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याचे. धाकटी बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. तिचं २ वर्षांचं कंडिशनल (सशर्त) ग्रीन कार्ड संपत आलंय. नवरा वेगळा राहतो, खर्चाला पैसे देत नाही, आय-७५१ वर (ती अट काढण्यासाठी नवरा-बायकोने मिळून करायचा अर्ज) सही करणार नाही म्हणतो. वेव्हर (नवऱ्याच्या सहीतून सूट) मागून एकटीने अर्ज करता येतो हे वाचलंय, पण त्यासाठी घटस्फोट पूर्ण झालेला लागतो ना? इथे तर तो अजून दाखलही नाही. मग तोवर काय करायचं? अर्जाची ७५० डॉलर फी माफ होऊ शकते का? लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून जॉइंट खात्याची स्टेटमेंट्स आणि दोघांच्या नावाचा भाडेकरार आहे. आई म्हणते, "ये निघून, आपल्या केळीत तुला काय दोन घास कमी पडतील?" पण तिला तिथेच राहायचंय. कुणी यातून गेलं असेल, किंवा कमी पैशात केस घेणारा वकील माहीत असेल तर सांगा. 'जुळवून घे' हा सल्ला नातेवाइकांनी भरपूर दिलाय, तो नको.