मदत हवी आहे: वादळात उसळणारं समुद्राचं पाणी मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. सांगलीत आठवीला भूगोल शिकवते. ही महापुरातली पोरं. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, त्यांना आठवतंय. पूर म्हणजे पायरी-पायरीनं चढणारं पाणी, एवढंच डोक्यात पक्कं. आजच्या बांगलादेशात आलेल्या १९७०च्या भोला चक्रीवादळात ३ लाखांहून जास्त माणसं गेली, बहुतेक समुद्राच्या उसळलेल्या पाण्यानं, हे त्यांना पटेना. "बाई, आमच्या दारात पाणी यायला रात्र लागली, पळायला वेळ मिळतोच की!" एक मुलगी म्हणाली. मला नीट उत्तर देता आलं नाही, रुखरुख लागून राहिलीय.

परातीत पाणी घेऊन फुंकर मारून दाखवलं, जमलं नाही. उथळ किनाऱ्याशी पाणी का फुगतं, याचा सोपा प्रयोग कुणी केलाय का? ३ जून २०२०च्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धनकडे असलेलं कुणी फोनवर मुलांशी बोलेल का? शनिवारी तास आहे.