गणपती वाद्यवृंद ग्रुप: भूपाची शिवरंजनी कशी झाली

आर्याची आई बी २०४: सगळ्यांना नमस्कार 🙏 मुलांच्या वाद्यवृंदाची पानं आज देते म्हटलं होतं पण मी अडकलेय. काकांनी भूप रागात बांधलेली धून त्यांच्या वहीतून मी लिलिपॉंडमध्ये घालतेय, म्हणजे ते सॉफ्टवेअर ज्यात माउसने स्वर ठेवायचे नसतात, अक्षरं टाइप करायची आणि मग तोच स्टाफ नोटेशनचं, म्हणजे पाश्चात्त्य पाच रेघांवरच्या स्वरलिपीचं, छापील पान बनवून देतो. काल रात्री साडेबारापर्यंत बसले होते. पान येतंय पण खाली देवनागरीत सरगम घातलीय तिथे नुसते चौकोन, शीर्षकाच्या जागी भलतीच अक्षरं आणि वर बारचेक फेल्ड म्हणून सात वेळा ओरडतोय. कुणाला माहितीय का यातलं?

विहानची आई सी ६०३: बापरे, मला वाटलं तू नुसती झेरॉक्स काढणार आहेस

अंकल ए ७०१: मला माहिती आहे. वसईला आमच्या चर्चच्या क्वायरची पानं मी वर्षानुवर्षं यातच करतो, मराठी शब्दांसकट. स्क्रीनचा फोटो नको, एरर जसाच्या तसा कॉपी करून टाक, त्यात ओळीचा नंबर असतो तोच महत्त्वाचा.

आर्याची आई बी २०४: पहिला बारचेक ओळ १४ ला. ओळीत असं आहे, डी २, मग ई, मग ए, मग उभी रेघ. चार चारचा ताल दिलाय, केहरव्याच्या आठ मात्रा दोन बारमध्ये, म्हणजे चार चार मात्रांच्या दोन खणांत, बसवल्यात

अंकल ए ७०१: मग बरोबर ओरडतोय तो. ती उभी रेघ छापण्यासाठी नसते, छापायच्या रेघा तो स्वतःच मोजून देतो. तुझी रेघ म्हणजे तू त्याला विचारतेस की इथे बार पुरा झाला ना? २ म्हणजे अर्धा स्वर, आपल्या हिशोबात दोन मात्रा, आणि एकदा आकडा दिला की पुढच्या स्वरांना तोच चिकटतो, नवा आकडा देईपर्यंत. म्हणजे तुझे ई आणि ए पण दोन दोन मात्रांचे झाले, एकूण सहा. ई च्या पुढे ४ लिही. पहिली चूक काढलीस की खालच्या बऱ्याचशा आपोआप जातील, म्हणून नेहमी वरून खाली ये.

आर्याची आई बी २०४: अंकल सातचे दोन झाले!! उरलेल्यांत पण तेच होतं

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत, ११ ते २ पाणी बंद. भरून ठेवा कृपया.

अंकल ए ७०१: आता चौकोन. हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन म्हणजे जो फॉन्ट तो वापरतोय त्यात देवनागरी नाही. मशीनवर नोटो सेरिफ देवनागरी आहे का बघ आणि लिरिक्ससाठी, म्हणजे स्वरांखालच्या सरगमसाठी, तोच फॉन्ट नाव देऊन सांग, नाव अगदी तंतोतंत हवं, एक स्पेस जरी चुकली तरी तो गुपचूप दुसराच फॉन्ट घेतो. आणि शीर्षक तू टाइप केलंस की कुठून उचललंस?

आर्याची आई बी २०४: गेल्या वर्षीच्या स्मरणिकेच्या फाइलमधून कॉपी केलं

अंकल ए ७०१: तेच. ते डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधलं आहे, युनिकोड नाही. दिसायला मराठी पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. परत टाइप कर, तेच सोपं. आणि फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ ८.

आर्याची आई बी २०४: आलं 😭 सा रे ग प ध सगळं नीट दिसतंय. थांबा, पान सगळ्यांना टाकते

📄 पीडीएफ

सईची आई ए ३०२: ताई एक विचारू? सई म्हणते तिसऱ्या ओळीपासून स्वर एवढे खाली आहेत की तिच्या फ्लूटमध्ये ते निघतच नाहीत. आणि शेवटी शेवटी तर स्वर पट्टीच्या खाली शिडी लावून उतरल्यासारखे गेलेत

आर्याची आई बी २०४: हो ना ते मी पण पाहिलं, पण काकांनीच तसं लिहिलं असेल वाटलं

काका बी २०१: मी तसं लिहिलेलं नाही. माझ्या वहीत तिसऱ्या ओळीत प ला खाली टिंब नाही. टिंब नाही म्हणजे मध्य सप्तक. वर टिंब तार, खाली टिंब मंद्र. भातखंडे लिपीत यात गोंधळाला जागाच नाही.

अंकल ए ७०१: काका तुम्ही बरोबर, आणि मला वाटतं घोटाळा कळला. ताई तू रिलेटिव्हमध्ये लिहितेस ना?

आर्याची आई बी २०४: हो, शिकवणीच्या पानावर तसंच होतं

अंकल ए ७०१: रिलेटिव्हमध्ये तो प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जवळात जवळचा धरतो. काकांचा सा पांढरी दोनचा, म्हणजे डी, आणि प म्हणजे ए. सा पासून वरचा प पाच स्वरांवर आणि खालचा मंद्र प चारच स्वरांवर, मग तो जवळचा म्हणून खालचा घेतो. तिथून ध, सा हे सगळे त्या खालच्या प च्या आधाराने, म्हणजे तार सा हवा तिथे मध्य सा आला, आणि ती ओळ परत आली की आणखी एक सप्तक खाली. म्हणून शिडी. त्या प च्या पुढे एक अपोस्ट्रॉफी दिलीस तर ही ओळ सुटेल पण मी सांगतो तू रिलेटिव्ह सोडूनच दे, फिक्स्ड वापर आणि पुढे सी अपोस्ट्रॉफी दे. मग खूण नसलेला स्वर मध्य सप्तकातला, अपोस्ट्रॉफी म्हणजे वरचा, स्वल्पविराम म्हणजे खालचा. भूपाचे पाचही स्वर डी पासून त्याच सप्तकात बसतात.

काका बी २०१: म्हणजे माझं टिंबच झालं की हे.

अंकल ए ७०१: अगदी तेच काका. वर टिंब तिथे अपोस्ट्रॉफी, खाली टिंब तिथे स्वल्पविराम. वहीवरून डोळे मिटून उतरवता येईल.

आर्याची आई बी २०४: हे मला कुणी आधी का नाही सांगितलं 🙏🙏 मी रात्रभर नुसत्या अपोस्ट्रॉफी मोजत बसले होते. जेवण करून बदलते

(रात्री ९.१०)

आर्याची आई बी २०४: शिडी गेली! आता काकांना ऐकवावं म्हणून मिडी, म्हणजे धून वाजवून दाखवणारी फाइल, घातलं तर मिडी झालं आणि पान यायचंच बंद झालं, एरर पण नाही काही

अंकल ए ७०१: स्कोअरच्या कंसात नुसतं मिडी लिहिलं की तो समजतो फक्त आवाज हवाय. शेजारी लेआउट पण लिही, रिकामा कंस दिलास तरी चालतो.

आर्याची आई बी २०४: झालं. लॅपटॉप घेऊन काकांकडे चाललेय

(रात्री ९.३५)

काका बी २०१: मी ऐकली. तीनदा ऐकली. ही माझी धून नाही. सगळे स्वर जागच्या जागी आहेत पण ग उतरलाय. भूपात ग शुद्ध. हा कोमल वाजतोय, आणि सा रे कोमल ग प ध म्हणजे सरळ शिवरंजनी राग. मुलं सकाळच्या आरतीच्या आधी हे वाजवणार, तिथे शिवरंजनी कशी चालेल? मला खरंच अस्वस्थ व्हायला झालं.

आर्याची आई बी २०४: काकांच्या डोळ्यात पाणी आलं हो अंकल, मला कळेना काय चुकलं, एरर एक पण नाही! मी डी मेजर दिलंय, पानावर सुरुवातीला दोन शार्प पण दिसतायत

अंकल ए ७०१: पानावर प्रत्येक ग च्या आधी छोट्या चौकटीसारखं चिन्ह आहे का?

आर्याची आई बी २०४: आहे! मला वाटलं सजावट असेल

अंकल ए ७०१: ते नॅचरलचं चिन्ह, म्हणजे इथे शार्प (अर्धा सूर चढा) नको, साधा स्वर वाजवा. सा डी असला की शुद्ध ग म्हणजे एफ शार्प, आणि साधा एफ म्हणजे कोमल ग. यात सगळे नवीन लोक अडकतात, मी पण अडकलो होतो. कागदावर आपण की सिग्नेचर, म्हणजे सुरुवातीचे ते दोन शार्प, दिली की एफ लिहिला तरी वाचणारा एफ शार्पच वाचतो. लिलिपॉंड तसं करत नाही. त्याला एफ टाइप केलं म्हणजे साधा एफ, की कुठलीही असो. शार्प हवा तर अक्षराला आय एस जोडायचं, एफ चं फिस. फ्लॅटला (अर्धा सूर उतरा) ई एस. ही डच पद्धतीची नावं, कारण हे १९९६ मध्ये सुरू केलं हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच वादकांनी. तुझे सगळे एफ फिस कर, फाइंड रिप्लेस आंधळेपणाने मारू नकोस, नाहीतर फिक्स्ड शब्दातला एफ पण बदलेल. एरर येणार कसा, त्याच्या दृष्टीने तू व्यवस्थित शिवरंजनी लिहिली होतीस. ही चूक मशीनला कधीच सापडली नसती, काकांच्या कानालाच सापडायची.

काका बी २०१: बदलून झालं की पुन्हा ऐकवा. मी जागा आहे.

(रात्री १०.२०)

काका बी २०१: आता भूप आहे. माझ्या वहीतल्या आडव्या रेघेच्या जागी मात्र एका ठिकाणी आवाज तुटतो, दुसऱ्या ओळीच्या शेवटी. रेघ म्हणजे स्वर धरून ठेवायचा, गप्प बसायचं नाही.

आर्याची आई बी २०४: सॉरी काका, तिथे मी आर टाकलाय, रेस्ट. सा लांब करते

विहानची आई सी ६०३: ताई आत्ताच्या पानावर विहान म्हणतोय की चौथ्या ओळीत खालची सरगम एक घर पुढे सरकलीय, वर प आहे आणि खाली सा लिहिलंय. तो कीबोर्डवर सरगम वाचूनच वाजवतो

अंकल ए ७०१: शाब्बास विहान. ताई तिथे व्हायोलिनच्या बो साठी, म्हणजे गजासाठी, प ध वर स्लर (स्वर जोडणारी कमान) दिलास का?

आर्याची आई बी २०४: हो आर्याच्या सरांनी सांगितलं म्हणून

अंकल ए ७०१: स्लर दिसला की तो समजतो एकच अक्षर दोन स्वरांवर गायचंय, म्हणून दुसऱ्या स्वराखाली काही ठेवत नाही आणि पुढचं सगळं सरकतं. गाण्याच्या शब्दांना ते योग्यच आहे पण सरगमला प्रत्येक स्वराखाली अक्षर हवं. लिरिक्सच्या अगदी सुरुवातीला इग्नोअर मेलिस्माटा ट्रू सेट कर. स्पेलिंग तुला वेगळं पाठवतो, त्यात मधला एम कॅपिटल आहे.

(रात्री १०.५५)

आर्याची आई बी २०४: 📄 पीडीएफ, हे शेवटचं. बार बरोबर, ग शुद्ध, सरगम स्वराखाली. काकांनी वहीशी ओळ न ओळ ताडून पाहिलं आणि खाली सही केलीय

सईची आई ए ३०२: सईने वाजवून बघितलं, सगळे स्वर निघतायत ❤️

काका बी २०१: उद्या साडेसहाला गच्चीवर. हार्मोनियम वर न्यायला दोन मुलं पाठवा, लिफ्टमध्ये आडवी ठेवू नका.

सेक्रेटरी: १२ कॉप्या ऑफिसच्या प्रिंटरवर काढून ठेवतो, सकाळी ९ नंतर घेऊन जा.