नुसते डायलॉग जुळवून काय होते बावा
तू म्हणतोस स्क्रिप्ट नि पडद्यावरचा पिक्चर शेजारी ठेवून डायलॉग जुळवायचे, शब्द जिथे बदलले तिथेच सीन बदलला, मला नाही पटत. ‘शोले’तला तो सीन घे ना, वर जया भादुरी एकेक कंदील विझवतेय नि खाली अमिताभ माउथऑर्गन वाजवत बसलाय, त्यात शब्दच नाहीत तर जुळवशील काय? कागदावर दोन-चार ओळींच्या वर काय असणार, पण कॅमेरामन द्वारका दिवेचांना सूर्य बुडाल्यानंतरचाच उजेड पाहिजे होता म्हणून तेवढ्यासाठी कितीतरी संध्याकाळी खर्ची पडल्या. खोटं वाटत असेल तर नागपूरच्या अंबाझरी तलावावर जाऊन सूर्य बुडताना मोबाइलवर एकच शॉट दोनदा घेऊन पाह्य, दुसऱ्या वेळी आभाळाचा रंगच वेगळा.

हां, ‘शोले’च्या शेवटाबद्दल तुझं बरोबर, तिथे कागदावरचं बदललं नि सीनही बदलला. लिहिताना आणि शूट करतानाही ठाकूरच गब्बरला मारतो, पण १९७५, आणीबाणी, सेन्सॉर अडून बसलं, मग ऐनवेळी पोलीस येतात असा नवा शेवट शूट करावा लागला. तिथे कागद नि पडदा शेजारी ठेवले की जोड लगेच दिसतो, आख्ख्या पिक्चरभर खोळंबलेला सूड आणि पोलीस एका मिनिटात येऊन भाषण देतात, काहीही!